राग आला की बायबलमधलं वचन कसं वापरायचं
रविवारी चर्चमध्ये आमेन म्हणणं सोपं आहे हो, खरी परीक्षा सोमवारी कुणी टोचून बोललं की सुरू होते. म्हणून सगळं बायबल एकदम जगायला जाऊ नका, एकच वचन घ्या आणि आठवडाभर त्याच्यावरच राहा. मी याकोब 1:19 (म्हणजे बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय, एकोणिसावं वचन) पासून सुरू करायला सांगेन, ऐकायला चटकन, बोलायला सावकाश, रागाला मंद. म्हणजे काय तर रागात मेसेज टाईप केला तरी पाठवायचा नाही, आधी थोडी प्रार्थना आणि मग परत वाचायचा, अर्धे मेसेज तिथंच डिलीट होतात बघा.

राग येणंच पाप आहे असं नाही. इफिस 4:26 मध्ये प्रेषित पौल म्हणतो राग आला तरी पाप करू नका, आणि सूर्य मावळायच्या आत तो सोडा.

पुढचं अवघड आहे. मत्तय 18:15 सांगतं, भावाने अपराध केला तर त्याच्याकडे एकांतात जाऊन बोल. आपण काय करतो, आधी चार जणांना सांगतो आणि वर त्याला प्रार्थनेचा विषय म्हणतो (मीपण केलंय हे). आधी त्यालाच फोन करा. पण मारहाण, छळ असेल तर एकट्याने जाऊ नका, मदत घ्या, क्षमा म्हणजे मार खात राहणं नाही.

आणि येशूचा शिष्य पेत्र याने भावाला सात वेळा क्षमा करायची का असं विचारलं तेव्हा येशूने सत्तर गुणिले सात सांगितलं, 490 मोजत बसायला नव्हे.