रिपोर्टातला लांबलचक शब्द कसा फोडावा

भातलावणीच्या दिवसांत कोकणात ताप हटला नाही की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), मलेरिया, डेंग्यूच्या तपासण्या होतात. मग एखाद्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'हेपॅटोस्प्लेनोमेगाली' छापून येतं आणि घरात चिडीचूप. खरं तर हा शब्द फोडायला डॉक्टर असावं लागत नाही.

१. शेवटाकडून सुरुवात करा. काय झालंय ते शेपटात असतं. 'मेगाली' म्हणजे आकार वाढणं, 'आयटिस' म्हणजे दाह, 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढणं.

२. मग अवयव शोधा. 'हेपार' हा ग्रीक शब्द, अर्थ यकृत. 'स्प्लेन' म्हणजे प्लीहा, आपली पाणथरी. म्हणजे यकृत आणि पाणथरी दोन्ही आकाराने मोठी झालीत. कशामुळे, ते हा शब्द सांगत नाही. ते डॉक्टरांनाच विचारा.

गंमत अशी, की यातले तिन्ही तुकडे आपल्या नात्यातले आहेत. हेपार आणि यकृत, स्प्लेन आणि प्लीहा, मेगास आणि महा या जोड्या एकाच जुन्या मुळातून फुटल्या. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं हे नातं भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात मांडलं होतं. अस्थी–ऑस्टिऑन, जानु (गुडघा)–जेनू, नासा–नासुस हीसुद्धा त्याच गोतावळ्यातली. पाठांतराचं निम्मं ओझं इथेच उतरतं.

३. एका अवयवाची दोन नावं चालतात, तिथे गोंधळू नका. मूत्रपिंडाला ग्रीकमध्ये 'नेफ्रोस', लॅटिनमध्ये 'रेन'. म्हणून दाह झाला तर नेफ्रायटिस, पण रक्तवाहिनी मात्र रीनल आर्टरी. गेलनसारख्या वैद्यांनी ग्रीकमध्ये लिहिलं, तर वेसेलियसचा १५४३ चा शरीररचनेचा ग्रंथ लॅटिनमध्ये; आजारांना बहुधा ग्रीक आणि अवयवांच्या भागांना लॅटिन, अशी वाटणी साधारण होऊन बसली. पण ती कडक नाही. लेप्टो बळावला की कानावर येणारा 'हेपॅटोरीनल' अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन आहे.

४. आता सुरुवातीचा उपसर्ग. 'पेरी' म्हणजे आपला परि, भोवती: पेरिकार्डियम हे हृदयाभोवतीचं आवरण. 'ॲन' म्हणजे अन्, अभाव: ॲनिमिया. 'हायपर' हा उपरि, म्हणजे वरचा, जास्त; आणि 'हायपो' हा उप, म्हणजे खालचा, कमी, उपसरपंच आठवा. डॉक्टर 'राइट हायपोकॉन्ड्रियम' लिहितात तेव्हा उजव्या बरगड्यांच्या कूर्चेखालची (मऊ हाडाखालची) जागा सांगत असतात. यकृत तिथेच असतं.

५. शेवटी फसवे जुळे तपासा. आर्थ्रायटिस सांध्याचा, आर्टरायटिस धमनीचा. 'मायो' स्नायूचा, 'मायलो' मज्जेचा. आणि हायपो की हायपर हे अक्षरावर बोट ठेवून वाचा. घाईत तेवढं चुकलं की कमी झालेली साखर घरभर 'वाढली' म्हणून सांगितली जाते.