फुलझाडांवरील अळ्या : फवारणीआधी या चुका टाळा

वळवाचे एक-दोन पाऊस पडून मृग लागला की कोल्हापुरातील गच्च्यांवरची आणि परसातली जास्वंद, मोगरा, गुलाब, झेंडू ही झाडे जोमाने पालवतात आणि त्या कोवळ्या पालवीमागोमाग अळ्याही येतात. पाने कुरतडलेली दिसताच अनेक घरांत हात थेट फवारणीच्या पंपाकडे जातो. मात्र पान कोणी खाल्ले, केव्हा खाल्ले आणि खाणारा आता कोठे आहे, हे पाहिल्याशिवाय केलेली फवारणी क्वचितच लागू पडते.

प्रत्येक भोक अळीचे नसते

गुलाबाच्या पानाच्या कडेचे तुकडे कात्रीने कापल्यासारखे स्वच्छ गोलाकार गेले असतील, तर ते काम एका जातीच्या मधमाशीचे असते. ती हे तुकडे घरट्यासाठी नेते आणि झाडाला तिच्यापासून धोका नसतो. वळवाच्या पावसानंतर गुलाबाची पाने एका रात्रीत कुरतडली गेली, तर संशय हुमणीच्या भुंगेऱ्यांवर घ्यावा. हुमणी ही उसाची मुळे खाणारी कीड आणि शहराभोवती ऊस आहे. तिन्हीसांजेला जमिनीतून निघणारे हे भुंगेरे कडुनिंब आणि बाभळीबरोबर बागेतल्या गुलाबावरही ताव मारतात. पानांवर वाळलेला चकाकता माग दिसल्यास गोगलगाय आली असे समजावे. अळीची खात्रीची खूण म्हणजे खालच्या पानांवर किंवा कुंडीच्या काठावर पडलेल्या काळपट हिरव्या लेंड्या. त्या ताज्या आणि ओलसर असतील, तर अळी बहुधा त्यांच्या वरच्याच फांदीवर सापडते. लेंड्या जुन्या, कोरड्या आणि नवी पालवी शाबूत असेल, तर अळी केव्हाच कोषात गेलेली असते आणि फवारणी वाया जाते.

शोध दिवसा घेणे

तंबाखूवरील पाने खाणारी अळी तंबाखूपुरती थांबत नाही. झेंडू, गुलाब, शेवंती, डेलिया यांपैकी काहीच तिला वर्ज्य नाही. मोठी झालेली अळी दिवसा पालापाचोळ्यात किंवा मातीच्या भेगांत लपते आणि रात्री खाते, म्हणून रात्री नऊ-दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन झाड पाहावे. त्याहून चांगले म्हणजे तिला मोठी होऊच न देणे. तिची मादी पानाच्या खालच्या बाजूस शेकडो अंड्यांचा पुंजका घालते आणि तो बदामी केसांनी झाकते. नुकत्या निघालेल्या अळ्या काही दिवस एकाच पानावर घोळक्याने राहून हिरवा भाग खरवडतात, त्यामुळे ते पान कागदासारखे पांढरट, जाळीदार दिसते. असे एक पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडवले, तर जे काम होते ते पंधरा दिवसांनी कोणत्याही औषधाने होणार नाही.

कळीतल्या आणि गुंडाळीतल्या अळ्या

मोगऱ्याच्या कळ्या जांभळट पडून न उमलताच गळू लागल्या की अनेक जण खताची कमतरता समजून खत घालतात. पुष्कळदा आत कळी पोखरणारी अळी असते आणि कळीवरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बाधित कळ्या रोज वेचून नष्ट कराव्यात. त्या झाडाच्या बुंध्याशी टाकणे म्हणजे अळीला पुन्हा संधी देणे होय. जास्वंदीवरील पाने गुंडाळणारी अळी स्वतःच केलेल्या सुरळीत बसलेली असते, त्यामुळे ती सुरळी बोटांनी चिमटली तरी पुरते.

झेंडू लावला की कीड पळते, ही समजूतही तपासून घ्यावी. शेतकरी टोमॅटोच्या कडेने झेंडू लावतात ते टोमॅटोची फळे पोखरणाऱ्या घाटे अळीच्या मादीला झेंडूच्या फुलांवर अंडी घालणे आवडते म्हणून. झेंडू तेथे सापळ्याचे काम करतो. सापळा तपासायचाच नसेल, तर गच्चीवर आपण अळ्यांची सोय करत असतो.

औषधाकडून भलत्या अपेक्षा

निंबोळी अर्क अळीला जागच्या जागी मारत नाही. त्याने तिचे खाणे कमी होते आणि कात टाकण्यात अडथळा येतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून मात्रा दुप्पट करण्याचे कारण नाही. घरी करायचा असल्यास वाळलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळावी. बीटी हे जिवाणूजन्य औषध पोटात गेल्यावरच काम करते, म्हणून ते पानाच्या खालच्या बाजूसही पडले पाहिजे, आणि त्याचा उपयोग लहान अळ्यांवर अधिक होतो. दोन्ही औषधे उन्हात लवकर निकामी होतात, म्हणून फवारणी संध्याकाळीच करावी. श्रावणातली सर येऊन गेली, तर ती पुन्हा करावी लागते. कपडे धुण्याची पावडर मिसळू नये, तिने कोवळी पाने करपतात.

उसासाठी आणलेल्या कीटकनाशकाची उरलेली बाटली गच्चीवर वापरणे हा तर सरळ धोका आहे, विशेषतः फुले देवघरात जाणार आणि मुले तेथेच खेळणार असतील तर. निपाणी जवळ असल्याने तंबाखू सहज मिळते आणि तिचा काढा फवारला जातो. पण निकोटीन त्वचेतून शरीरात जाते, शिवाय तंबाखूतील मोझॅक विषाणू पिटुनिया, टोमॅटो आणि मिरचीला लागू शकतो.

सगळ्या अळ्या शत्रू मानणे

कुंडीतल्या लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते. 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात. तगरीवर किंवा कण्हेरीवर शेपटीकडे शिंग असलेली जाडजूड हिरवी अळी दिसली, तर घाबरू नये. ती डंख मारत नाही आणि हाताने उचलून बाजूला करता येते. केसाळ अळ्यांना मात्र उघडा हात लावू नये, चिमटाच वापरावा. एखाद्या अळीच्या अंगावर बारीक पांढरे कोष चिकटलेले असतील, तर तिला तशीच सोडावी. ते परजीवी गांधीलमाशीचे असतात. ती अळी वाचणार नसते आणि कोषातून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त करतात.

अळ्या दिसेनाशा झाल्यावर कुंडीतील वरची दोन इंच माती हलवून तपकिरी कोष वेचावेत, कारण ते राहिले तर साधारण आठ-दहा दिवसांत पतंग बाहेर पडून त्याच झाडावर पुन्हा अंडी घालू लागतात.