कॅराव्हॅनची बॅटरी नक्की कोण खातंय ते असं मोजा

ट्रॅव्हलर नाहीतर ईकोची कॅम्पर करून घेतलेली असो, नाहीतर गाडीमागे ओढायचा ट्रेलर असो, तक्रार एकच ऐकू येते, १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे अँप गुणिले तास) बॅटरी टाकली तरी दुसऱ्या रात्री फ्रिज बंद पडतो. बॅटरी बहुतेक वेळा चांगलीच असते, हिशोब अंदाजपंचे केलेला असतो. काशीदला नाहीतर माळशेजला निघायच्या आधी बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच एक पूर्ण दिवस मोजमापाला द्या.

पहिलं म्हणजे डीसी क्लॅम्प मीटर घ्या, म्हणजे वायर न कापता ती जबड्यात धरून करंट मोजणारा. दुकानात दोनदा विचारा की डीसी अँपिअर मोजतो ना, कारण स्वस्तातले बरेचसे क्लॅम्प करंट फक्त एसीचा मोजतात आणि डीसीचे नुसते व्होल्ट दाखवतात, डब्यावर मात्र डीसी लिहिलेलं असतं. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर तिथेच एखाद्या बॅटरीवर बल्ब लावून दाखवायला सांगा, लाजायचं काही कारण नाही.

मोजायच्या आधी सोलर बंद, पार्किंगच्या सॉकेटवरचा चार्जर बंद, गाडीचं इंजिन बंद, नाहीतर येणारं आणि जाणारं मिसळून भलताच आकडा दिसतो. बॅटरीच्या मायनसला ज्या वायरी येतात त्या नीट बघून घ्या, सगळा लोड ज्या जाड वायरीतून जातो ती शोधा. क्लॅम्प रिकामा धरून झीरोचं बटण दाबा आणि मग ती एकच वायर जबड्यात घ्या. प्लस आणि मायनस दोन्ही एकत्र घेतल्या तर मीटर शून्य दाखवणार, कारण दोन्हींचा परिणाम एकमेकांना मारतो. आता सगळं बंद करा आणि एकेक वस्तू चालू करून आकडा कागदावर लिहा, लाईट, फॅन, पंप, मोबाईलचा चार्जर, सगळं.

फ्रिजला मात्र असं एकदा बघून भागत नाही. कॉम्प्रेसर सुरू होताना आकडा क्षणभर उडी मारतो, मग खाली येऊन समजा साडेचार अँपवर स्थिर होतो, काही वेळाने टक आवाज होतो आणि मीटर जवळजवळ शून्यावर, आणि थोड्या वेळाने परत तेच. यातला साडेचार घेऊन २४ ने गुणलंत तर १०८ येतात, आणि शून्याच्या वेळी बघितलंत तर फ्रिज फुकट चालतोय असं वाटेल, दोन्ही चूक. म्हणून घड्याळ लावून तासाभरात कॉम्प्रेसर किती मिनिटं चालला ते लिहा, दुपारी एकदा आणि पहाटे एकदा. मे महिन्यात खारघरला उघड्या पार्किंगमध्ये तो अर्धा वेळ चालत असेल तर दिवसाचे ५४ एएच झाले. डिसेंबरमध्ये मोजलेला आकडा मेमध्ये वापरू नका, आणि फ्रिज भरलेला ठेवूनच मोजा.

बाकीचं सोपं आहे, अँप गुणिले तास. १२ व्होल्टचा फॅन दीड अँपने ८ तास म्हणजे १२ एएच, लाईट १ अँपने ५ तास म्हणजे ५, दोन मोबाईलचे मिळून साधारण ४, पंप ५ अँप घेतो पण दिवसभरात १५ मिनिटंच चालतो म्हणजे सव्वा. सगळे घाबरतात त्या मिक्सरला, ५०० वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरमधून ५० अँपच्या आसपास ओढतो हे खरं, पण चटणीला ५ मिनिटं लागली तर ४ एएच. म्हणजे फ्रिजच्या दोन तासांइतकंसुद्धा नाही.

खरा छुपा खाणारा म्हणजे चालू ठेवलेला इन्व्हर्टर. काहीही न जोडता त्याच्यावर क्लॅम्प लावून बघाच. १ अँप दिसला तर दिवसाचे २४ एएच गेले, आणि वरची सगळी बेरीज ८० होती ती १०४ झाली. त्याचं बटण दाराजवळ आणून लावा आणि काम झालं की बंद करा.

सगळं बंद असूनही काही जातंय का हे मिलिअँपमध्ये बघायला क्लॅम्प फारसा कामाचा नाही, तिथे साधा मल्टिमीटर मायनसच्या वायरीत सिरीजमध्ये लावा, म्हणजे वायर बॅटरीवरून सोडवून मीटर मध्ये जोडा. बहुतेक मीटरची मर्यादा १० अँप असते, त्यामुळे तेव्हा फ्रिज, पंप, इन्व्हर्टर कशालाही हात लावू नका, आणि अँपच्या सेटिंगवर प्रोब बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नका, तो सरळ शॉर्ट असतो. म्युझिक सिस्टिमची मेमरी, गॅस डिटेक्टर, यूएसबी सॉकेटचे निळे दिवे हे तिथे सापडतात. काय आहे ते कळत नसेल तर एकेक फ्यूज काढा, ज्या फ्यूजला आकडा पडला ती लाईन.

रोज मोजायचा कंटाळा असेल तर शंटवाला बॅटरी मॉनिटर बसवा. शंट म्हणजे ज्यातून जाणारा सगळा करंट मोजला जातो तो धातूचा तुकडा, तो बॅटरीच्या मायनसवर बसतो आणि बाकीच्या सगळ्या मायनस वायरी त्याच्या दुसऱ्या टोकाला यायला हव्यात, चॅसिसची पण, एक जरी थेट बॅटरीवर राहिली तरी तिचा खर्च मोजला जात नाही. १००० वॅटचा इन्व्हर्टर फुल लोडला १०० अँपच्या आसपास जातो, तेव्हा शंट २०० अँपचा घेतलेला बरा. लिथियम बॅटरीला तर हा हवाच, कारण तिचे व्होल्ट बराच वेळ १३.२ च्या आसपासच राहतात आणि त्यावरून किती उरलीय काही कळत नाही. लेड ॲसिडला निदान तासनतास काही न लावता ठेवलं की १२.७ म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे अर्धी असं धरता येतं.

आता बेरीज बॅटरीशी लावा. लेड ॲसिडमधून निम्मंच काढायचं, म्हणजे १५० एएचमधून ७५, लिथियममधून ८० टक्के धरा. ८० एएचचा दिवस असेल तर १०० एएच लिथियम जेमतेम एक दिवस पुरते, दुसऱ्या दिवसासाठी कुठून तरी भरून यायला पाहिजे. गाडी चालताना इंजिनवरून ही बॅटरी भरणारा २० अँपचा डीसी चार्जर असेल तर ठाण्याहून माळशेजला जाताना तीनेक तासांत वरवर ६० एएच येतात, त्यातून वाटेत फ्रिजने खाल्लेले वजा करा. जुलैत सोलरवर भिस्त ठेवू नका, पावसाळ्यातली रोजची बेरीज सोलर धरल्याशिवायच करा.