गालबोट लागू नये म्हणून: स्मरणिका छापायला टाकण्याआधी एवढं बघा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीला २५ वर्षं झाली म्हणून आम्ही चौघांनी ६४ पानांची स्मरणिका काढली, चार महिने लोकांच्या मागे लागून लेख जमवले, जुने फोटो स्कॅन केले, जाहिराती आणल्या, आणि खरं सांगतो अंक झकास झाला होता. फक्त कव्हरवर ठसठशीत अक्षरात 'रौप्यमहोत्सवी वर्धापन दीन'. दीन म्हणजे बिचारा, केविलवाणा. समारंभात पहिल्या रांगेतल्या आजोबांनी अंक हातात घेतला, खिशातून पेन काढलं, 'दी' खोडून वर 'दि' लिहिलं आणि अंक मला परत देत म्हणाले, "बाकी चांगलाय." उघडलाही नव्हता अजून.

तर आता ठेच खाऊन शिकलेलं सांगतो.

सगळ्यात मोठी अक्षरं आधी तपासा. आतली प्रुफं आपण डोळ्यांत तेल घालून बघतो, पण कव्हर, लेखांची हेडिंगं, अनुक्रमणिका हे कोणी वाचतच नाही, कारण तिथे काय लिहिलंय ते आपल्याला माहीतच असतं ना! कागदावर प्रिंट काढा आणि पेन्सिलीचं टोक एकेका अक्षराखाली ठेवत जा. वेडेपणा वाटेल, वाटू दे. आशीर्वादातली 'शी' दीर्घ, उज्ज्वलमध्ये दोन ज, हे असलेच शब्द दगा देतात.

मग फॉन्ट. लेख येतात व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये, डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणारे, ते श्रीलिपीत घेतात (आपल्या पुण्याचंच सॉफ्टवेअर, अक्षरं साठवायची पद्धत युनिकोडपेक्षा वेगळी), आणि या कन्व्हर्जनमध्ये रफार पळतो, जोडाक्षरं फुटतात, 'दुसऱ्या'सारख्या शब्दांची पार वाट लागते. म्हणजे वर्डमध्ये तपासून दिलंय म्हणून निवांत बसायचं नाही, कन्व्हर्ट झाल्यावर परत पहिल्यापासून वाचायचं.

नावं आणि फोन नंबर एकट्याने तपासू नका. एकाने मूळ यादीतून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफात बघायचं. जाहिरातदाराच्या नंबरात एक आकडा चुकला तर पुढच्या वर्षीची जाहिरात विसरा. ग्रुप फोटो असेल तर फोटो उलटा तर लागला नाही ना बघा, आमच्या एका फोटोत सगळ्यांच्या शर्टाचे खिसे उजव्या छातीवर आले होते, त्यामुळे 'डावीकडून' करत लिहिलेली सगळी नावं उलटी. ते मात्र वेळेत सापडलं.

आणि कोणी चूक दाखवली तर उडवून लावू नका. अंतराळातल्या हबल दुर्बिणीचं हेच झालं, २.४ मीटरचा आरसा, पण कडेला जेमतेम २ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जास्त सपाट घासला गेलेला, केसाच्या जाडीपुढेही काहीच नाही. तपासायच्या उपकरणातलीच एक लेन्स १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसली होती. दुसऱ्या साध्या चाचण्यांत गडबड दिसली होती, पण मुख्य उपकरणच जास्त अचूक असं धरून चालले. १९९० मध्ये वर गेल्यावर फोटो धूसर यायला लागले तेव्हा कळलं, आणि १९९३ मध्ये अंतराळवीर पाठवून दुरुस्ती करावी लागली. आमच्याकडे डीटीपीवाल्या मुलीने विचारलं होतं, "काका, दीन असाच ठेवायचा ना?" मी फोनवर होतो, हो हो म्हटलं.

किरकोळ दोन गोष्टी: सेंटर पिन (मधल्या घडीवर स्टेपल) मारणार असाल तर पानं ४ च्या पटीत बसवा, आणि शेवटच्या क्षणी एक शब्द बदललात तरी अख्खा परिच्छेद परत वाचा, ओळी सरकतात.

एवढं करूनही राहिलंच तर आतल्या चुकीला शुद्धिपत्राची चिठ्ठी घाला (त्यातली 'द्धि' ऱ्हस्व बरं का, नाहीतर परत आजोबा), कव्हरला त्याच रंगाचा स्टिकर. आम्ही ३०० स्टिकर छापून घेतले, रात्री क्लबहाऊसमध्ये चहा पीत पीत चिकटवले, पन्नासेक तिरके लागलेत.