हिवाळ्यात दोघांनी आगगाडीने युरोप: प्राग ते मिलान, पाठीवर पिशवी टाकून

व्हिएन्नात २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. हिवाळी सफर आखताना थंडीच्या आधी हे लक्षात घ्यावं. थंडीवर कपडे आहेत, अंधारावर उपाय नाही. म्हणून बेत उलटा करायचा: जिथे खिडकीबाहेर बघण्यासारखं आहे ते टप्पे सकाळी ९ ते दुपारी ३च्या दरम्यान बसवायचे आणि सपाट, कंटाळवाणे टप्पे अंधारात उरकायचे. दोघं असाल तर आणखी एक गोष्ट. सोबत असली तरी प्रत्येकाचा प्रवास एकट्याने पुढे चालू शकला पाहिजे. रेल्वेचा पास, पैसे, विमा, फोन, कागद यातलं काहीही एकाच्याच खिशात नको. हे का, ते पुढे येईलच.

मार्ग

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हा मार्ग सोपा आहे: प्राग ३ रात्री, व्हिएन्ना ३, साल्झबुर्ग २, म्युनिक १, झ्युरिक १, खूर (पूर्व स्वित्झर्लंडमधलं शहर) १, मिलान २. एकूण तेरा रात्री. यात फ्रान्स आणि स्पेन मुद्दाम नाहीत. तिथल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षण सक्तीचं असतं, त्यामुळे एक गाडी चुकली की पुढचं आरक्षणही पुन्हा करावं लागतं. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक गाड्यांत पास घेऊन सरळ चढता येतं. हिमवर्षावात गाड्या कोलमडतात तेव्हा या मोकळिकीचं मोल कळतं.

टप्पे असे: प्राग–व्हिएन्ना सुमारे ४ तास, व्हिएन्ना–साल्झबुर्ग अडीच तास, साल्झबुर्ग–म्युनिक पावणेदोन ते दोन तास, म्युनिक–झ्युरिक साडेतीन-चार तास, झ्युरिक–खूर सव्वा तास. शेवटचा दिवस खूर ते मिलान, आल्प्स ओलांडून. त्याबद्दल सविस्तर खाली. विमानाचं तिकीट जाताना प्राग, येताना मिलानहून असं एकाच बुकिंगमध्ये घ्यावं. प्रागला परत येण्याचा खर्च आणि एक दिवस दोन्ही वाचतात.

व्हिसा

ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच देशाकडे शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज करायचा. वरच्या बेतात ऑस्ट्रियाच्या ५ रात्री होतात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. विमान प्रागला उतरतं म्हणून चेकियाकडे अर्ज करणं ही नेहमीची चूक. मुक्कामाचे दिवस समान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. शुल्क ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. डिसेंबरचा प्रवास असेल तर सप्टेंबरमध्येच अपॉइंटमेंट घ्यावी, दिवाळीनंतर तारखा मिळणं अवघड होतं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. त्यात दोन कोरी पानंही लागतात.

दोघांचे अर्ज वेगळे आणि निर्णयही वेगळे. एकाला व्हिसा मिळून दुसऱ्याला नाकारला जाऊ शकतो. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत राहण्याची बुकिंग रद्द करता येणारीच ठेवावीत आणि प्रत्येक बुकिंगवर दोघांचीही नावं असावीत. एकाच्याच नावावर खोली असेल तर दुसऱ्याच्या अर्जात मुक्कामाचा पुरावाच उरत नाही.

पास की सुटी तिकिटं?

भारतात राहणाऱ्यांसाठी युरेल हा अनेक युरोपीय देशांतल्या गाड्यांत चालणारा पास असतो. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये शिकायला वा नोकरीला असणाऱ्या मराठी मंडळींना तसाच, पण युरोपात राहणाऱ्यांसाठी असलेला इंटररेल घ्यावा लागतो. पासपोर्ट कुठला यापेक्षा वास्तव्य कुठे हे इथे महत्त्वाचं. त्यामुळे पुण्याहून जाणारा आणि म्युनिकमध्ये राहणारा असे दोन मित्र असतील तर दोघांचे पास वेगळ्या जातीचे असतील. वय २७ किंवा कमी असेल तर सवलतीचा पास मिळतो.

या मार्गाला एका महिन्यात ५ प्रवासदिवसांचा (महिन्यातले कुठलेही पाच दिवस गाडीने फिरता येणारा) पास पुरतो. टप्पे सहा आहेत, पण साल्झबुर्ग–म्युनिकसाठी पासचा दिवस खर्चू नये. त्या टप्प्याला बायर्न-टिकेट हे दिवसभराचं तिकीट साल्झबुर्गपासूनच चालतं आणि ते दोघांत मिळून घेता येतं. अटी तीन: सोमवार ते शुक्रवार सकाळी ९नंतरच चालतं, फक्त प्रादेशिक गाड्यांत चालतं आणि तिकिटावर नावं लिहिलेली हवीत. समोर रेलजेट ही लांब पल्ल्याची वेगवान गाडी उभी दिसली म्हणून त्यात चढलात तर ते तिकीट नसल्यासारखंच.

पास घेण्याआधी एक हिशोब करावा. पासची किंमत भागिले पाच म्हणजे एका दिवसाचा दर. महिनाभर आधी काढलेली स्वस्त तिकिटं त्याच्याखाली येत असतील तर पास नको. मात्र स्वस्त तिकीट एका ठरावीक गाडीला बांधलेलं असतं आणि स्विस टप्पे सुटे घेतले की हिशोब फिरतो, हे विसरू नये. एक बारकावा: युरोपातली वेळापत्रकं डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी बदलतात. त्यानंतरच्या तारखा सप्टेंबरमध्ये दिसल्या नाहीत तर गाडी बंद झाली असं समजू नये, नवं वेळापत्रक यायचं असतं.

फोनमधला पास

पास रेल प्लॅनर ॲपमध्ये भरायचा, प्रत्येकाने आपापल्या फोनमध्ये. गाडीत चढण्याआधी त्या दिवसाचा प्रवास ॲपमध्ये जोडून पासवर सुरू करायचा, मग तपासनिसाला दाखवायचा कोड तयार होतो. चढल्यावर नेट शोधत बसलात तर तोपर्यंत तुम्ही विनातिकीटच. प्रवासदिवस आदल्या आठवड्यात चालू करून ठेवू नयेत. त्याच सकाळी, गाडी खरोखर सुटते आहे हे पाहून करावा. तीन दिवसांत एकदा तरी ॲप नेटला जोडावं लागतं.

थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. ३० टक्के दाखवणारा फोन उणे पाचात उघड्या हातात अचानक बंद पडू शकतो आणि पास त्याच फोनमध्ये असतो. फोन जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवावा. प्रत्येकी १०,००० एमएएचची पॉवर बँक हवी. विमानात ती हातातल्या सामानातच न्यायची. चार्जरची पिन भारतात मिळणारी बारीक, दोन गोल काड्यांची असेल तर ती चारही देशांत आणि इटलीतही बसते. जाड गोल डोक्याचा युरोपीय प्लग मात्र स्विस सॉकेटच्या खोबणीत जात नाही. सिम घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का ते वाचावं. ते युरोपीय संघात नाही, त्यामुळे बऱ्याच योजनांतून वगळलेलं असतं.

पिशवी आणि कपडे

४० लिटरची पिशवी, भरून ८–९ किलो. चाकांची बॅग बर्फाच्या चिखलात आणि दगडी फरशांवर ओढवत नाही. शिवाय डब्याच्या पायऱ्या आणि वरचा रॅक आहेच. आत काय: अंगालगतच्या थर्मलचे २ जोड, एक फ्लीस, लोकरी मोजे ४ जोड, पँट २, कानटोपी, मफलर, हातमोजे. वर वारा-पाणी अडवणारं एक जाकीट, ते अंगावरच. सुती बनियन थर्मलच्या आत घालू नये. ती घाम धरून ठेवते आणि थांबलात की गारठवते. जीन्स एकच पुरे, भिजली की वाळायला दोन दिवस लागतात.

एकच भलामोठा कोट घेण्यापेक्षा थर का? कारण बाहेर शून्य आणि डब्यात चांगलीच ऊब असते. तो कोट घालून डब्यात बसलात तर घामाघूम आणि उतरलात की तोच घाम गार. पैसे खर्चायचेच तर बुटांवर करावेत. पाणी न शिरणारे, खोल नक्षीच्या तळव्याचे, जाड मोज्यांसाठी अर्धा नंबर मोठे. निघण्याआधी महिनाभर इथेच वापरून पाय बसवून घ्यावेत. ओठ आणि टाचा आतल्या कोरड्या उबेने फुटतात, त्यावर घरातली कोकमतेलाची वडी उत्तम. वजन जेमतेम पन्नास ग्रॅम.

खाऊ नेताना जपून. बाहेरून युरोपीय संघात दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तूप नाही. आई-मावशीने डब्यात घातलेले तुपातले लाडूही नकोत. चिवडा, खाकरा, मेतकूट, दाण्याची चटणी न्यावी. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात आणि २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६पर्यंत शुकशुकाट. त्या दिवसांची खरेदी आधीच करावी, नाहीतर मोठ्या स्टेशनातल्या दुकानांचे चढे भाव द्यावे लागतात. नाताळचे बाजार बघायचे असतील तर २३ तारखेच्या आत पोहोचावं, जर्मनीतले बहुतेक तेव्हा किंवा २४ला उठतात.

स्टेशनात

जर्मनीत पिवळा कागद सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा. ‘ग्लाइस’ म्हणजे फलाट. ‘फेरश्पेटुंग’ म्हणजे उशीर. ‘फेल्ट आउस’ दिसलं की गाडी रद्द. फलाट ऐनवेळी बदलतो, म्हणून शेवटची पाच मिनिटं नजर बोर्डावर ठेवावी. फलाटावर ए, बी, सी असे विभाग असतात आणि कुठला डबा कुठे येईल ते बोर्डावर दिसतं. हे बघणं महत्त्वाचं, कारण काही गाड्या वाटेत दोन तुकड्यांत फुटतात. एकाच गाडीचा पुढचा भाग एका गावी, मागचा दुसऱ्या. डब्याच्या दारावरचं गाव वाचल्याशिवाय चढू नये.

जर्मन रेल्वेच्या वक्तशीरपणाची ख्याती आता जुनी झाली. २०२४मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेत धरल्या गेल्या आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर तिथे ‘वेळेत’ मोजतात. तिथे गाडी बदलायची असेल तर ४५ मिनिटं हाताशी ठेवावीत. स्वित्झर्लंडमध्ये सात-आठ मिनिटं पुरतात. दिवसाची शेवटची गाडी कधीच बेतात धरू नये, तिच्या आधीची धरावी. सुटं तिकीट असेल आणि तासभर उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तासांवर ५० टक्के परत मागता येतात. टोकाच्या हवामानामुळे उशीर झाला तर हा परतावा नाकारता येतो. तरीही दुसऱ्या गाडीने पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवरच राहते. साल्झबुर्ग–म्युनिक टप्प्यात पोलीस पासपोर्ट तपासतात. पासपोर्ट वरच्या रॅकमधल्या पिशवीत नव्हे, अंगावर असावा.

आता दोघांची गोष्ट. एक चढला, दार लागलं, दुसरा फलाटावर राहिला, हे घडतंच. नियम आधीच ठरवावा: चढलेल्याने पुढच्या थांब्यावर उतरून त्याच फलाटावर थांबायचं, राहिलेल्याने त्या दिशेची पुढची गाडी धरायची. दोघांनीही उलट फिरायचं नाही. दोघंही धावाधाव करू लागले की दिवसभर चुकामूक होते. हा नियम चालण्यासाठी दोघांकडे आपापला पास, पासपोर्ट, वेगळ्या नेटवर्कचं बँक कार्ड आणि थोडी रोकड हवी. रोकड तीन चलनांत लागते: चेक कोरुना, युरो, स्विस फ्रँक. एटीएमने ‘रुपयांत वजा करू का’ असं विचारलं तर नाही म्हणावं, तो दर महाग पडतो. आणि दर तीन दिवसांनी अर्धा दिवस वेगवेगळं फिरावं. पंधरा दिवस एकाच खोलीत राहिल्यावर जिवलग मित्राचं घोरणंही भांडणाचा विषय होतं.

खूर ते मिलान

या एका दिवसासाठी बाकी सगळा बेत. बर्निना एक्स्प्रेस या काचेच्या गाडीला आरक्षण आणि जादा आकार लागतो. त्याच रुळांवरून धावणाऱ्या साध्या लाल गाड्यांना दोन्ही लागत नाही आणि त्यांतल्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. काचेचं प्रतिबिंब फोटोत नको असेल तर साधी गाडीच बरी. हात बाहेर काढू नये आणि खिडकी मिनिटभरात बंद करावी, डब्यात इतर लोकही बसलेले असतात.

खूरहून साडेआठ-नऊच्या सुमारास निघावं आणि उजवीकडे बसावं. फिलिझूरच्या अलीकडे ६५ मीटर उंचीचा लांडवासर पूल वळण घेत सरळ कड्यातल्या बोगद्यात शिरतो, म्हणून कॅमेरा आधीच तयार हवा. वाटेत गाडी बदलावी लागते. पुढे दात्यांच्या रुळाशिवाय (चढावर चाकाला पकड देणारा मधला दातेरी रूळ इथे नाही) गाडी २,२५३ मीटरवरच्या ओस्पिझिओ बर्निनापर्यंत चढते. शेजारचा तलाव भर हिवाळ्यात गोठून बर्फाखाली गेलेला असतो, तो ‘दिसला नाही’ म्हणून शोधू नये. मग ब्रुसिओचा गोल पूल आणि सीमेपलीकडचं इटलीतलं तिरानो, उंची ४२९ मीटर. चार-साडेचार तासांत हे सगळं. बर्फ साचून हा मार्ग कधी काही तास बंद राहतो, म्हणून निघण्याआधी सकाळी स्विस रेल्वेच्या ॲपवर बघावं.

तिरानोत स्विस आणि इटालियन स्टेशनं शेजारी आहेत. मिलानची गाडी अडीच तास घेते. ती प्रादेशिक गाडी आहे, त्यामुळे ‘शोपेरो’ म्हणजे संप असेल तर तिच्यावर परिणाम होतो. संप आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. तारीख संपाची निघाली तर खूरहून उशिरा निघून संध्याकाळची गाडी गाठावी, किंवा तिरानोत मुक्काम करून सकाळची. मिलानला दोन रात्री ठेवल्या आहेत त्या यासाठीच.