त्र्यंबकेश्वर लिहून बघा

मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि समोर ड्रॉइंग. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, डबा दहा मिनिटांत संपतो. उरलेली वीस मिनिटं गेली सहा वर्षं मी अक्षरांना देतोय. पाठकोऱ्या कागदांवर अक्षरं काढतो, जुन्या जाहिरातींची कात्रणं बघतो. पुन्हा मशीनवर जाताना डोकं धुतल्यासारखं हलकं असतं. सुरुवात कुठून करायची असं कंपनीतल्या दोन-तीन नव्या मुलांनी विचारलं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिला महिना एकही फॉन्ट उतरवून घेऊ नका. त्याऐवजी एक शब्द पकडा आणि तो जिथे दिसेल तिथे थांबून बघा. मी ‘त्र्यंबकेश्वर’ घेतला होता. त्यात त्र्य आहे, अनुस्वार आहे, मात्रा आहे, श्व आहे. अक्षर काढणाऱ्याचा कस लागेल असं सगळं एकाच शब्दात. शिवाय सीबीएस बसस्थानकापासून त्र्यंबक रोडने निघालं की तो शब्द किती तरी हातांनी लिहिलेला भेटतो, बसच्या पाटीवर, लॉजच्या बोर्डावर, प्रसादाच्या खोक्यावर. ब्रशने रंगवणाऱ्या पेंटरने त्र ची तिरकी रेघ य ला न चिकटवता कशी आत घेतली आहे ते नीट बघा. अक्षर म्हणजे नुसती काळी रेघ नाही, तिने अडवलेली पांढरी जागासुद्धा अक्षरच आहे, हे मला अशाच एका पाटीसमोर कळलं.

नंतर हात. आईस्क्रीमची चपटी लाकडी काडी घ्या, टोक पंचेचाळीस अंशात तिरकं कापा आणि शाईत बुडवा. झाला बोरू. एक काळजी घ्या. इंग्रजी कॅलिग्राफीसाठी टाकाचा काप ज्या बाजूला असतो, त्याच्या उलट बाजूला देवनागरीचा असतो. इंग्रजीचं पेन तसंच वापरलंत तर जाड जागी बारीक आणि बारीक जागी जाड येईल आणि आपलाच हात वाईट आहे असं वाटत राहील. सुरुवातीला अक्षराची उंची काडीच्या टोकाच्या रुंदीच्या पाचपट धरा. नुसते काने काढा, मग शिरोरेषा, मग ग, न, म.

इथे माझ्या मापाच्या सवयीला मोठा धक्का बसला. मी पट्टीने मोजून शिरोरेषा आणि काना एकाच जाडीचे काढले, तरी शिरोरेषा जाड दिसायची. डोळ्याला आडवी रेघ त्याच जाडीच्या उभ्या रेघेपेक्षा जाड भासते. म्हणून एकसारख्या जाडीच्या दिसणाऱ्या फॉन्टमध्येसुद्धा आडवी रेघ किंचित बारीक ठेवावी लागते. आमच्याकडे माप बरोबर तर पार्ट पास. अक्षरात मात्र डोळा पास करेल तेच खरं, आणि मला ते फार आवडलं.

संगणकाकडे वळाल तेव्हा माझी चूक टाळा. श्रावणातल्या ब्रह्मगिरी फेरीला आमचं मंडळ पाणी वाटतं, त्याचा बॅनर मी केला होता. फाइल तशीच फ्लेक्सवाल्याकडे दिली. त्याच्या संगणकावर माझा फॉन्ट नव्हता आणि सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी सुरू नव्हती. सकाळी बॅनर आला तेव्हा ‘त्र्यंबकेश्वर’मधले त, र आणि य सुटे पडलेले, त आणि र च्या पायात हलन्त. ‘नाशिक’मधली वेलांटी श सोडून क वर गेलेली: ‘नाशकि’. बारा फुटी बॅनरवर. तेव्हापासून छपाईला द्यायची फाइल मी आधी कर्व्ह करतो, म्हणजे अक्षरांचे आकार गोठतात, आणि प्रूफ मोबाइलवर नाही तर दुकानात उभं राहून वाचतो. जुन्या फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर, म्हणजे जोडाक्षरं नीट मांडणारी सेटिंग, निवडल्याशिवाय मराठी टाइप करू नका.

फॉन्ट निवडताना आधी ल आणि श बघा. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा, असं राज्य शासनाने २००९ मध्ये ठरवून दिलं आहे. पण बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा दांडीचा ल आणि शेंडीफोड्या श असतो. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बालू आणि मोदक हे फॉन्ट फुकट आहेत, धंद्याच्या कामालाही चालतात. टिरो या दुसऱ्या फॉन्टवाल्या संस्थेने तर मराठी, हिंदी आणि संस्कृत यांसाठी देवनागरीचे वेगवेगळे फॉन्ट दिलेत. तिन्हींमध्ये तोच परिच्छेद टाकून शेजारी ठेवा, फरक आपोआप दिसेल.

आणि खिशातली नोट बाहेर काढा. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, पण त्यावरची अक्षरं आपण कधी वाचत नाही. शंभराच्या नोटेमागच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत. त्यातली आठवी ओळ मराठी, ‘शंभर रुपये’. कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत या चार ओळी देवनागरीत आहेत. भिंगाखाली त्या चारच ओळी बघत माझी एक अख्खी सुट्टी गेली होती.

कोणाला यातच पुढे जायचं असेल तर जे. जे.ची उपयोजित कला संस्था आहे, मुंबई आयआयटीचं आयडीसी, म्हणजे डिझाइन शिकवणारा विभाग, आहे. विंडोजवरचा मंगल फॉन्ट करणारे र. कृ. जोशी आयडीसीतच शिकवायचे. अक्षरकार कमल शेडगे यांनी जाहिरातींसाठी काढलेली नाटकांची नावं मिळतील तिथून जमवा. नाटक गंभीर की हलकंफुलकं, हे अक्षरांवरूनच कळतं. नोकरी सोडायची घाई मात्र करू नका. माझा हा आनंद टिकला तो त्यावर पगार अवलंबून नाही म्हणून, असं मला मनापासून वाटतं.

सध्या मी ळ वर अडकलोय. दोन्ही गोल सारखे काढले की उजवा मोठा दिसतो. तो थोडा लहान केला तर अक्षर डावीकडे कलतं. रविवारी सकाळी वही घेऊन पंचवटीत जाणार आहे. काळारामाच्या आसपासच्या पाट्यांवर ळ भरपूर आहेत.