मिरगाच्या आधी गाडीचाही पुरुमेंत करा

मे महिना लागला की आपल्याकडे गोव्यात घराघरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, गडबड सुरू होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुकी मासळी, मिरच्या, सोलं, कांद्याच्या माळा घरी येतात, कौलं शाकारून होतात, लाकडं आत घेतली जातात, आणि ज्या गाडीवर रोज पोरांना शाळेत सोडायचं, आईला दवाखान्यात न्यायचं ती मात्र फणसाखाली तशीच उभी. मग ७-८ जूनला मिरग लागतो, दोन सणसणीत सरी येतात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डिचोलीत माझ्या गॅरेजसमोर लाईन. कुणाचा वायपर चालत नाही, कुणाची स्कूटर चालू होत नाही, कुणाचा ब्रेक किंचाळतोय, कुणाच्या गाडीत कुबट वास. त्या आठवड्यात मी कुणालाच पाहिजे तसा वेळ देऊ शकत नाही आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण यातली निम्मी कामं मे महिन्यातल्या एका कोरड्या रविवारी घरच्या अंगणात झाली असती. म्हणून ही तयारी सांगतोय, आणि ज्या क्रमाने मी स्वतःच्या गाडीची करतो त्याच क्रमाने सांगतोय.

सगळ्यात आधी पाण्याच्या वाटा. लोक मला विचारतात गाडीत पाणी येऊ नये म्हणून काय लावायचं, आणि मी त्यांना उलट विचारतो की आलेलं पाणी जातं कुठून ते कधी बघितलंय का? गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढं पाणी कुठलीच गाडी पूर्ण अडवत नाही, ती तशी बनवलेलीच नसते. काचेच्या कडेने पाणी दरवाजाच्या पोटात उतरतं, वायपरखालच्या जाळीतून आत जातं, आणि ते सरळ खाली रस्त्यावर पडावं म्हणून भोकं आणि नळ्या ठेवलेल्या असतात. ती भोकं बुजली की पाणी आतच राहतं आणि मग तेच पाणी पत्रा खातं, वायरिंग खातं, कार्पेट कुजवतं.

तर बॉनेट उघडा. समोरच्या काचेच्या खाली, वायपर जिथे बसतात तिथे काळी प्लास्टिकची जाळी दिसेल, तिच्या दोन्ही टोकांना पाला साठलेला असतो. तो हातानेच काढा, पाईप मारून आत ढकलू नका. मग एक तांब्या पाणी हळूहळू ओता आणि पुढच्या चाकांच्या मागे खाली पडतंय का बघा. भराभर पडलं तर छान, थेंब थेंब पडलं किंवा वरच तुंबलं तर जाळी काढून आत साफ करायला हवं. गेल्या पावसाळ्यात एक शिक्षिका आल्या होत्या, ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटपुढची मॅट रोज सकाळी ओली, त्यांनी दुसरीकडे दरवाजाचे नवे रबर बसवून घेतले होते तरी पाणी थांबेना. मी जाळी काढली तर आत फणसाच्या पानांचा काळाभोर चिखल, आणि त्या चिखलात एक रोप उगवलेलं, दोन हिरवीगार पानं आलेलं. वाट बंद झाली म्हणून पाणी चढून ब्लोअरमधून आत उतरत होतं. कार्पेट उचललं तर खालचा स्पंज ओल्या पावासारखा झालेला, दाबला की पाणी. भर जुलैत तो वाळवायला सीट काढून गाडी चार दिवस शेडमध्ये उघडी ठेवावी लागली, आणि चिखल काढायला लागली ती वीस मिनिटं.

मग दरवाजे. दरवाजा उघडून खालच्या कडेला बोट फिरवा, दोन-तीन लांबट भोकं लागतील, कधी रबराच्या आड असतात. माडाच्या झाडूची एक हीर घ्या आणि आत घालून फिरवा. आमच्या भागात खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ असल्यामुळे हिरीबरोबर लाल चिखलच बाहेर येतो, काही दरवाजांतून तर आधीचं साठलेलं पाणी भळकन पायावर पडतं. स्क्रूड्रायव्हर घालू नका, रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू. आणि खालून गंज लागू नये म्हणून काळं कोटिंग मारून घेणार असाल तर मारणाऱ्याच्या शेजारी उभे राहा. मी गॅरेज नवीन सुरू केलं तेव्हा एका गाडीला कोटिंग मारताना ही भोकं बुजवून टाकली होती, दोन वर्षांनी तेच दरवाजे खालून पोकळ होऊन परत आले, ते मी पदरचे पैसे घालून करून दिले आणि तेव्हापासून कोटिंगच्या आधी प्रत्येक भोकात हीर खोचून ठेवतो, रंग सुकला की काढतो. एसीची पाणी जायची नळीही बघा, दहा मिनिटं एसी लावून गाडीखाली थेंब पडतायत का एवढंच. सनरूफ असेल तर उघडून कोपऱ्यांतल्या भोकांत थोडं थोडं पाणी सोडून बघा, ते चाकांजवळ खाली यायला पाहिजे.

आता ब्रेक. इथे कंजुषी करू नका, हात जोडून सांगतो. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं, आणि आपल्या समुद्रकाठच्या हवेत दमटपणाला काय तोटा. नवं डॉट ४ (हा ब्रेक ऑइलचा दर्जा) ऑइल २३० डिग्री सेल्सियसच्या वर उकळतं, पाणी शोषलेलं तेच ऑइल १५५ च्या आसपाससुद्धा उकळू शकतं. गावातल्या गावात हे कळतच नाही. पण बेळगावहून चोर्ला घाटाने किंवा अनमोडने उतरताना तुम्ही सतत ब्रेकवर पाय ठेवलात की ऑइल तापतं, उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षं झाली असतील तर ऑइल बदलून घ्या, डॉट ३ की डॉट ४ ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. आणि घाटात चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनला गाडी धरू दे. पॅड आणि मागच्या ड्रमचे लायनर चाक काढून डोळ्यांनी बघून घ्या, मेकॅनिकने नुसतं ‘ठीक आहे’ म्हटलं तर दाखव म्हणा, आम्हाला राग येत नाही. पावसात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हॅन्डब्रेक ओढून ठेवू नका, ओल्या ड्रममध्ये लायनर चिकटून बसतो, त्यापेक्षा पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड किंवा लाकडाचा ठोकळा लावा. तारवावर, म्हणजे जहाजावर कामाला जाणाऱ्या लोकांच्या घरी गाड्या सहा-सहा महिने उभ्या असतात, त्यांनी तर हे घरच्यांना सांगूनच जावं.

टायरच्या खाचांत मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात, बाजूला टीडब्ल्यूआय किंवा बाणाची खूण असते, त्या उंचवट्यापर्यंत टायर झिजला म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं आणि कायद्यानेही तो बाद. पण पावसाळ्यासाठी मी ३ मिलिमीटरच्या खाली ठेवूच नका म्हणतो, कारण खाचांचं कामच मुळात चाकाखालचं पाणी बाजूला फेकणं आहे, खाच उथळ झाली की पाण्याला जायला जागा नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. टायरवर चार आकडे असतात, समजा २३१९, म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला, खाचा चांगल्या दिसल्या तरी रबर कडक झालेलं असेल तर ओल्या रस्त्यावर धरत नाही. हवा किती हे ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. आणि स्टेपनीत हवा भरा हो, पंक्चर झाल्यावर डिकी उघडली की स्टेपनीच बसलेली असते असं किती वेळा बघितलंय.

वायपरचं रबर दरवर्षी मे महिन्यात नवं घ्या, उन्हाने ते चिरतंच, बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही. बॅटरी गाडी रात्रभर बंद ठेवून मीटरने बघा, १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि इंजिन चालू केल्यावर १४ च्या आसपास दिसायला पाहिजे, तसं दिसलं नाही तर चार्जिंगचा घोळ आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी साठलेली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने धुवा, सुकवा, वर पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

स्कूटर आणि बाईकवाल्यांसाठी जरा जास्त, कारण निम्मा गोवा दुचाकीवर चालतो आणि मार त्यांनाच जास्त बसतो. मागच्या ड्रम ब्रेकची जी कांडी फिरते तिचा कॅम गंजून जाम होतो, मग ब्रेक दाबला की सोडतच नाही किंवा लागतच नाही. तो उघडून साफ करून थोडंसं ग्रीस लावायचं, थोडंसंच, जास्त लावलं तर तेच लायनरवर जातं. केबल ताठ झाल्या असतील तर बदला, स्वस्त असतात. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, कागदी फिल्टर भिजला असेल तर धुवून वाळवून परत घालू नका, नवा घाला. प्लगची टोपी काढून रबर फाटलंय का बघा, सकाळी पावसात चालू न होणाऱ्या स्कूटरचं निम्म्या वेळा दुखणं तिथेच. बाईकची चेन रॉकेलने पुसून सुकवून वर चेनचं तेल, आणि पावसात दर ५०० किलोमीटरला परत, जास्त भिजली तर त्याच्याही आधी.

जे रोज फेरीबोटीने चोडण किंवा दिवाडीला जातात, किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या खारट शेतजमिनीच्या) बांधावरच्या रस्त्याने येतात जिथे भरतीला पाणी वर येतं, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. ते पाणी खारं आहे. संध्याकाळी घरी आल्यावर दोन बादल्या गोडं पाणी चाकांवर, स्टँडवर, सायलेन्सरवर आणि खालून मारा. साबण नको, प्रेशर नको, नुसतं गोडं पाणी. आणि मग लगेच प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधू नका, ओल आत कोंडते आणि गाडी रात्रभर वाफेत राहते, वरून पत्र्याचा आडोसा आणि बाजूने वारा एवढं पुरे. गाडी उभी असेल तर दर तिसऱ्या दिवशी बॉनेट किंवा सीट उघडून बघा, शेतात पाणी भरलं की उंदीर कोरड्या जागेत येतात आणि वायरी कुरतडतात.

आता एक गोष्ट जी तयारीत डोक्यात भरून ठेवायची आहे, कारण त्या वेळी विचार करायला सवड मिळत नाही. पाण्यातून जाताना गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारायचा नाही. कितीही मागून हॉर्न वाजू दे. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर पाणी काही दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, पाच हजारांचं काम लाखावर जातं. चावी काढा, ढकलून कोरड्यात आणा, टो करून घ्या. साध्या इन्शुरन्समध्ये हे नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्टचं जोड कव्हर आहे का ते पॉलिसी काढून आजच वाचा, पीयूसीची तारीखही तेव्हाच बघून घ्या. आणि पाणी चाकाच्या मधल्या टोपीपर्यंत दिसत असेल तर घालूच नका, वळा.

हे सगळं झालं की शेवटी परीक्षा घ्यायची. गाडीच्या सगळ्या मॅट बाहेर काढा, खाली कार्पेटवर कोरडे वर्तमानपत्राचे कागद अंथरा, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातही एक. घरातलं एक माणूस टॉर्च घेऊन आत बसवा, पोरं आनंदाने बसतात, आणि बाहेरून पाईपने टपावर, काचेवर, दरवाजांवर दहा मिनिटं पाणी सोडा, प्रेशर न लावता, पाऊस पडतो तसं. मग पाईप बंद करून पाच मिनिटं थांबा, पाणी कुठून कुठून खाली पडतंय ते वाकून बघा, आणि कागद एक एक उचला. जो भिजला असेल त्याच्या वरची वाट अजून बंद आहे, तिथे परत हीर घाला, आणि नाहीच जमलं तर मिरगाच्या आधी गाडी घेऊन या, तेव्हा माझ्याकडे वेळ असतो.